सोळा जणींचं घर : रवांडातल्या एका वस्तीचं प्रकरण

वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाला मी दरवर्षी एक विषय देते: आईवडील नसलेल्या मुलांसाठी निवासाची रचना करा. पहिल्या आठवड्यात येणारे नकाशे जवळजवळ सारखेच असतात. मधोमध चौक, दोन बाजूंना लांब व्हरांडे, व्हरांड्यावर उघडणाऱ्या खोल्या, एका टोकाला जेवणाचा हॉल आणि फाटकाशी अधीक्षकांचं ऑफिस. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने स्वतःच्याच नकाशावर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, रात्री या खोलीतला दिवा कोण मालवणार?" तिने ५० खाटांची एक खोली काढली होती आणि दिव्याचं बटण बाहेर व्हरांड्यात, पहारेकऱ्याच्या हाताशी होतं. तिने तो कागद गुंडाळून ठेवला आणि नवा घेतला.

त्या दिवसापासून मी या विषयाबरोबर रवांडातल्या अगाहोझो-शालोम युवाग्रामाचं, म्हणजे आधार गमावलेल्या किशोरवयीन मुलांच्या निवासी वस्तीचं, प्रकरण शिकवायला लागले. दिवा कोण मालवणार, हा प्रश्न तिथे आराखड्याच्या आधी विचारला गेला होता. आणि ज्यांना त्याचं उत्तर स्वतःच्या लहानपणापासून ठाऊक होतं, अशी मुलं त्या कामात होती.

आधीची गोष्ट

रवांडात ७ एप्रिल १९९४ पासून जुलैच्या मध्यापर्यंत, जेमतेम १०० दिवसांत, ८ ते १० लाख माणसं मारली गेली. त्यातले बहुसंख्य तुत्सी या अल्पसंख्य समाजाचे होते. मारणारे बरेचदा शेजारीच होते, त्यामुळे वाचलेल्या मुलाला नुसते आईबापच उरले नाहीत असं नव्हतं. ज्या गल्लीत परत जायचं त्या गल्लीवरचा विश्वासही उरला नव्हता. काही मुलं अनाथाश्रमांत गेली, काहींना नात्यातल्यांनी किंवा अनोळखी बायकांनी घरात घेतलं. हजारो घरांत १२-१४ वर्षांचं थोरलं भावंडच कर्तं झालं. शेत त्यानेच बघायचं, चूल त्यानेच पेटवायची आणि धाकट्याला ताप आला की रात्र त्यानेच जागून काढायची.

अनाथाला किन्यारवांडा भाषेत 'इम्फुब्यी' म्हणतात. या मुलांसाठी घर कसं असावं याचा पहिला आराखडा तिथल्या विद्यार्थ्यांनीच केला, आणि त्यात भिंत एकही नव्हती.

१९९६ साली बुतारे इथल्या राष्ट्रीय विद्यापीठात, संहारातून वाचलेल्या १२ विद्यार्थ्यांनी एक संघटना काढली. तिच्या फ्रेंच नावाची आद्याक्षरं घेऊन तिला एईआरजी म्हणतात. फी, औषधं, राहायची सोय हे प्रश्न होतेच. पण या मुलांनी त्याहून मूलभूत काम केलं: त्यांनी आपापसांत कुटुंबं बनवली. एका गटातल्या विद्यार्थ्यांनी आपल्यातूनच एकाला बाप आणि एकीला आई निवडायचं, बाकीची त्यांची मुलं. आई २२ वर्षांची, मुलगी २१ वर्षांची. वाचताना हे भातुकलीसारखं वाटेल, पण निकाल लागला की कोणाला सांगायचं, सुट्टी लागली की कोणाकडे जायचं, आजारी पडल्यावर उशाशी कोण बसणार, या सगळ्याला त्या क्षणापासून एक ठरलेलं उत्तर मिळालं. रवांडात लग्न ठरताना दोन्हीकडची वडीलधारी मंडळी समोरासमोर बसून वधूमूल्य म्हणून द्यायच्या गाईचं, म्हणजे 'इंक्वानो'चं, बोलणं करतात. ज्या मुलीच्या बाजूला बसायला कोणी नाही, तिच्या बाजूला विद्यापीठातलं हे कुटुंब बसायला लागलं. ही पद्धत पुढे देशभरच्या विद्यापीठांत आणि माध्यमिक शाळांत पसरली.

वर्गात मी इथे थांबते आणि मुलांना पेन्सिली खाली ठेवायला सांगते. घराचा कार्यक्रम, म्हणजे आपण ज्याला जागांची यादी म्हणतो तो, या १२ जणांनी कागदाशिवाय लिहून ठेवला आहे. त्यात झोपायची खोली नाही की स्वयंपाकघर नाही. कोण कोणाचं, एवढंच आहे.

बाहेरून आलेली कल्पना

अ‍ॅन हेमन या न्यूयॉर्कच्या वकील. जन्म दक्षिण आफ्रिकेतला, किशोरवयात अमेरिकेला आलेल्या, काही वर्षं मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयात काम केलेल्या. २००५ साली त्या पतीबरोबर रवांडावरच्या एका व्याख्यानाला गेल्या. आज त्या देशापुढे सगळ्यात मोठा प्रश्न कोणता, असं विचारल्यावर उत्तर आलं: अनाथ मुलं. आकडा सांगितला गेला १२ लाखांचा. हेमन यांच्या मनात इस्रायल आला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही आईबाप गमावलेल्या मुलांचे लोंढे आले होते, आणि त्यांच्यासाठी युवाग्रामं उभी राहिली होती.

प्रकरणाच्या या वळणावर मला नेहमी धास्ती वाटते. पैसेवाल्या देशातला भला माणूस, मनात तयार नमुना आणि समोर दुसऱ्याचं दुःख. अशा कामांतून उभ्या राहिलेल्या आणि पाचदहा वर्षांत ओस पडलेल्या इमारती आफ्रिकेत आहेत, तशा आपल्याकडेही आहेत. इथे तसं झालं नाही. मला वाटतं, त्याचं मोठं कारण म्हणजे नमुन्याबरोबर त्या नमुन्यात वाढलेली माणसंही आली.

तो नमुना म्हणजे हैफाजवळ कार्मेल डोंगरावरचं येमिन ओर्द हे युवाग्राम. स्थापना १९५३. नाव ऑर्ड विंगेट या ब्रिटिश सेनानीच्या स्मरणार्थ दिलेलं. ब्रह्मदेशात जपान्यांच्या पिछाडीला लढणाऱ्या 'चिंदित' तुकड्या नेणारा आणि १९४४ च्या मार्चमध्ये मणिपूरच्या डोंगरात विमान कोसळून गेलेला तोच हा विंगेट. सुरुवातीची मुलं युरोपातल्या ज्यूंच्या संहारातून वाचलेली होती. १९८० च्या दशकात मुलं बदलली. इथिओपियातले ज्यू सुदानच्या दिशेने पायी निघाले, वाटेत आणि छावण्यांत हजारो मेले, आणि १९८४-८५ च्या हवाई मोहिमेत सुमारे ८,००० जण इस्रायलला पोचले. वाटेत आई पुरून आलेली मुलं त्यात होती. १९९१ मध्ये आणखी आली. त्यातली बरीच येमिन ओर्दमध्ये वाढली. तिथले अनेक वर्षांचे संचालक हाइम पेरी यांनी या अनुभवातून एक पद्धत घडवली. तिचा गाभा असा: मुलाला आधी भूतकाळाशी धरून ठेवायचं, त्याची भाषा, त्याची गाणी, त्याच्या गावाचं नाव पुसायचं नाही, मग भविष्याकडे बोट दाखवायचं. आणि शिक्षण संपल्यावरही हे घर त्याचंच राहतं, सणाला तो परत येऊ शकतो.

रवांडातलं काम सुरू झालं तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांनी येमिन ओर्दला जाऊन ही पद्धत पाहिली. आणि उलट दिशेने, येमिन ओर्दचे माजी विद्यार्थी, इथिओपियातून आलेली ती मुलं आता तरुण झाली होती, ती पहिल्या तुकडीबरोबर राहायला रवांडात आली. भिंती हलवणं हे त्यांचं काम नव्हतं. पण १६ वर्षांच्या मुलाला 'तुझं पुढे बरं होईल' असं सल्लागाराने सांगणं वेगळं, आणि स्वतः आई गमावून अनोळखी देशातल्या वसतिगृहात मोठ्या झालेल्या काळ्यासावळ्या तरुणाने त्याच्या शेजारी बसून जेवणं वेगळं. पंचवीस मानसशास्त्रज्ञ नेमले असते तरी हे साधलं नसतं असं मला ठामपणे वाटतं. विद्यार्थ्यांनी रचनेत भाग घेणं म्हणजे काय, हे माझ्या वर्गाला मी इथे दाखवते: रेषा मारण्याच्या आधी त्या रेषेच्या आत राहून झालेलं असणं.

सोळा

आता प्रत्यक्ष वस्ती. कीगालीहून पूर्वेला, रवामागाना जिल्ह्यातल्या रुबोनाच्या टेकड्यांवर १४४ एकर जमीन. डिसेंबर २००८ मध्ये पहिली सुमारे सव्वाशे मुलं आली. पुढे दरवर्षी तेवढीच. मूल चार वर्षं राहतं, म्हणजे एका वेळी पाचशेच्या आसपास. घरं ३२, आणि एका घरात सुमारे १६ जण. मुलींची घरं वेगळी, मुलांची वेगळी.

या आकड्यांत सगळं प्रकरण आहे म्हणून जरा थांबते. पाचशे मुलांची सोय करायची तर आपल्या सवयीप्रमाणे तीन मजली दोन इमारती पुरल्या असत्या. पाया कमी, छप्पर कमी, नळाची लांबी कमी, पहारेकरी दोन. बत्तीस सुटी घरं म्हणजे बत्तीस छपरं आणि बत्तीस मोऱ्या. खर्चाच्या तक्त्यावर हा निर्णय कधीच जिंकत नाही. तो तेव्हाच जिंकतो जेव्हा मोजायची गोष्ट मूल नसून घर आहे असं आधी ठरतं.

मग १६ का? हरमान ग्माइनर यांनी १९४९ मध्ये ऑस्ट्रियात इम्स्ट इथे पहिलं एसओएस बालग्राम काढलं, तिथल्या पद्धतीत एका आईकडे साधारण आठ-दहा मुलं असतात, तान्ह्यापासून मोठ्यापर्यंत, आणि सख्खी भावंडं एकत्र ठेवतात. अगाहोझोत येणारं मूल १५ च्या पुढचं. त्याला भरवायचं नसतं, न्हाऊ घालायचं नसतं. त्याला ऐकून घेणारं कोणीतरी हवं असतं. म्हणून संख्या वाढली तरी चालते, पण किती? वर्गात मी जमिनीवर खडूने गोल काढून मुलांना बसवते. दहा जण बसले की कोणीही हळू बोललं तरी ऐकू येतं. सोळाला थोडं पुढे वाकावं लागतं. पंचवीसला कोणीतरी उभं राहून बोलायला लागतं, आणि कोणी उभं राहिलं की ती सभा होते. विद्यार्थ्यांना हे पुस्तकातून पटत नाही, फरशीवर बसल्यावर लगेच पटतं.

कारण या घरांचा खरा वापर रोज संध्याकाळी तसाच होतो. जेवणानंतर घरातले सगळे एकत्र बसतात. मधे असते मामा. आपल्या कानाला हा शब्द आईच्या भावाचा. किन्यारवांडात मामा म्हणजे आई. यातल्या कितीतरी जणींनी १९९४ मध्ये नवरा किंवा पोटची मुलं गमावलेली. मामाबरोबर घराला एक थोरला भाऊ किंवा थोरली बहीण म्हणून तरुण रवांडन कार्यकर्ता असतो, आणि वर्षभरासाठी आलेला परदेशी स्वयंसेवक असतो, त्याला घरात चुलतभावाचं नातं दिलेलं. एईआरजीच्या १२ विद्यार्थ्यांनी बुतारेत जे केलं होतं तेच इथे छपराखाली आलं: आधी नाती वाटून घेतली, मग खोल्या. प्रत्येक नवं कुटुंब आपल्या घराला एका आदर्श व्यक्तीचं नाव स्वतः निवडून देतं. घराचा नंबर सांगणारं मूल आणि घराचं नाव सांगणारं मूल यांच्या आवाजात फरक पडतो, हे वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही कळेल.

वस्तीचं नावही तसंच. 'अगाहोझो' म्हणजे जिथे अश्रू पुसले जातात ती जागा. 'शालोम' हा शांततेसाठीचा हिब्रू शब्द. रवांडात अंगाईला 'इगिहोझो' म्हणतात, सांत्वन करणं या एकाच क्रियापदातून दोन्ही शब्द निघाले आहेत. पहिल्या तुकडीतली बरीचशी मुलं १९९४ मध्ये एक-दोन वर्षांची होती, हिशेब करून बघा. म्हणजे ज्या आईने त्यांना अंगाई म्हटली असेल तिचा चेहराही त्यांना आठवत नसणार. अशा मुलाच्या वस्तीला अंगाईच्या कुळातलं नाव देणं, हे मला त्या १४४ एकरांतलं सगळ्यात नेमकं काम वाटतं.

मांडणीतला आणखी एक निर्णय सांगायलाच हवा. टेकडीचा सर्वांत उंच भाग आपण सहसा कार्यालयाला, देवळाला किंवा देणगीदाराच्या नावाच्या सभागृहाला देतो. इथे तिथे शाळा आहे. दूर दिसलं तर दूर जाशील, असं त्यामागचं म्हणणं. राहत्या घरांतून वर चढून जायचं, वर्गात बसलं की खाली सगळा मुलूख पसरलेला. शुक्रवारी संध्याकाळी सगळी वस्ती एकत्र जमते, नाच-गाणी होतात. शनिवारी सकाळी गाणी म्हणत सामूहिक धावणं असतं. पहिलं वर्ष मुख्यतः मागे पडलेला अभ्यास भरून काढण्याचं, मग वरच्या माध्यमिकची तीन वर्षं.

जे जुळत नाही ते

२००९ च्या डिसेंबरमध्ये, वस्ती सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मुलांच्या पर्यायी संगोपनाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. मूल शक्यतो कुटुंबातच वाढावं, तीन वर्षांखालच्या मुलाला तर संस्थेत ठेवूच नये, संस्था लागलीच तर ती लहान आणि घरासारखी असावी, असा त्यांचा रोख आहे. रवांडा सरकारने हे फार गांभीर्याने घेतलं. २०१२ च्या पाहणीत देशात ३३ संस्थांत ३,३२३ मुलं सापडली, आणि त्याच वर्षी या संस्था टप्प्याटप्प्याने बंद करून मुलांना नात्यात किंवा पालक कुटुंबांत पाठवायचं धोरण ठरलं. पुढच्या कार्यक्रमाचं नावच होतं 'तुबारेरेरे मु मुर्‍यांगो', मुलांना कुटुंबात वाढवूया.

मग पाचशे मुलांची ही वस्ती त्यात कुठे बसते? माझं मत स्पष्ट आहे. दोन वर्षांच्या मुलासाठी मी अशी वस्ती कधीच सुचवणार नाही, मग ती कितीही सुंदर असो. त्याला एक मांडी हवी असते, आणि ती रात्रीही तीच हवी असते. पण चार भावंडांना वाढवून दमलेल्या, आठवीत शाळा सुटलेल्या १६ वर्षांच्या मुलीला कोणी दत्तक घेत नाही. तिला हवी असते चार वर्षांची सवड, जिच्यात ती कर्ती नसेल. अगाहोझो अनाथाश्रम न राहता निवासी शाळेसारखं राहिलं, वय ठरलेलं, मुदत ठरलेली आणि सुट्टीत जे कोणी नातेवाईक असतील त्यांच्याकडे जायचं, म्हणून ते या धोरणाबरोबर टिकलं. २०१० नंतर येणारी मुलं हळूहळू संहारानंतर जन्मलेली असू लागली. आजारपणात किंवा गरिबीत आधार गमावलेली. घरं तीच राहिली, दुःखाचं कारण बदललं.

तरी एक खटकतं. मुलींची आणि मुलांची घरं वेगळी, त्यामुळे सख्खे बहीणभाऊ दोघंही आले तर ते एका छपराखाली राहू शकत नाहीत. वयाचा विचार करता कारण समजतं. पण ज्या मुलाला रक्ताचं एकच माणूस उरलंय, त्याच्यासाठी दोन घरांमधलं अंतर किती पावलांचं असावं, हा रचनेचा प्रश्न आहे. माझ्या वर्गात दरवर्षी कोणीतरी दोन घरांमध्ये सामाईक ओटा काढतं. मला तो आवडतो.

पैशाचं थोडक्यात. अशी वस्ती देणग्यांवर चालते आणि देणग्या आटतात. इथे जमिनीनेच हातभार लावला. वस्तीच्या भाड्याने दिलेल्या जागेवर ८.५ मेगावॉटचं सौर उर्जा केंद्र उभं राहिलं, २८,३६० पॅनेलं आणि २ कोटी ३७ लाख डॉलर खर्च. विमानातून पाहिलं तर पॅनेलांची मांडणी आफ्रिका खंडाच्या आकाराची दिसते. वीज देशाच्या जाळ्यात जाते, भाडं वस्तीला मिळतं. अ‍ॅन हेमन यांना ते चालू झालेलं पाहता आलं नाही. ३१ जानेवारी २०१४ ला फ्लोरिडात घोड्यावरून पडून त्या गेल्या, वय ५२. त्यांच्यानंतरही वस्ती चालू राहिली, रवांडन संचालक आणि रवांडन कर्मचाऱ्यांच्या हातात.

मामाची खोली

या प्रकरणावर लिहिणारे बहुतेक जण मुलांबद्दल लिहितात. मला अलीकडे मामाची काळजी वाटते. सोळा मुली चार वर्षं तिच्या घरात राहतात. पहिल्या महिन्यात कोणी बोलत नाही, तिसऱ्या महिन्यात कोणीतरी रात्री रडत तिच्या दाराशी येतं, दुसऱ्या वर्षी भांडणं, चौथ्या वर्षी परीक्षा. मग सोळाही जणी निघून जातात. १९९४ मध्ये जिचं घर एका दिवसात रिकामं झालं होतं, तिचं घर दर चार वर्षांनी पुन्हा रिकामं होतं. आनंदाने होतं, पण होतंच. आणि नवं वर्ष लागलं की त्याच खाटांवर नव्या सोळा जणी.

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थ्याने मामाच्या खोलीला दुसरं दार काढलं, थेट मागच्या अंगणात उघडणारं. सुरक्षेच्या दृष्टीने ते चूक होतं आणि त्यासाठी त्याला भिंतीतलं कपाट काढावं लागलं होतं. कारण विचारलं तर म्हणाला, "मुली गेल्या त्या रात्री तिला रिकाम्या हॉलमधून जायला लागू नये." मी त्याला ते दार ठेवू दिलं. कपाट कुठे हलवायचं आणि दाराला आतून कडी कशी द्यायची, यावर आम्ही तासभर बसलो होतो.